नाशिकरोडला १९८३ ची मर्सिडीज २४० डी मिळतेय, घेऊ का? जुनी डिझेल सांभाळणाऱ्यांनी सांगा

निफाडचा_द्राक्षवाला

नमस्कार मंडळी. जेलरोडच्या आतल्या बाजूला एका बंगल्यात १९८३ ची मर्सिडीज २४० डी उभी आहे. डब्ल्यू १२३ बॉडी (कंपनीचा या मॉडेलचा कोड), साधी फिकट पिवळी, चार गिअर, स्टिअरिंग आपल्याच बाजूला. घरातले डॉक्टर आजोबा नैरोबीहून कायमचे परत आले तेव्हा सोबत आणलेली. आजोबा गेले, मुलं पुण्यात, बंगला विकायला काढलाय म्हणून गाडी पण काढली. साडेतीन लाख म्हणतायत. सहा वर्षं शेडखाली उभीच आहे, त्यांचा जुना ड्रायव्हर महिन्या-दोन महिन्यांनी येऊन चालू करून जातो एवढंच.

मी दुपारी गेलो होतो, गाडी आधीच चालू करून ठेवलेली, आवाज एकदम गोड. सोबत नेलेला मिस्त्री म्हणाला इंजिन लोणी आहे, डोळे झाकून घ्या. पण दरवाज्यांच्या खालच्या कडेला रंग थोडा वेगळा वाटला, तिथे मन अडकलंय.

मला ही गाडी का हवी तेही सांगतो. लहानपणी आमच्या बांधावर एक द्राक्षाचे व्यापारी अशीच गाडी घेऊन यायचे, वडील आत मांडवात असले तरी आवाजावरून ओळखायचे की शेट आले. तो टकटक आवाज अजून कानात आहे. वडील आता ७६ चे आहेत, त्यांना त्यात बसवून वणीला न्यायचंय. रोजची गाडी वेगळी आहे, ही आठवड्यातून एकदा चालेल. गाडीचे तीन आणि वर कामाला दोन असे पाच लाख जमवलेत, त्यापुढे खरंच जमणार नाही. पार्ट मिळतात का, पासिंगचं काय, आणि मुख्य म्हणजे या पैशात होईल का? ज्यांनी अशी गाडी प्रत्यक्ष वापरली आहे त्यांनी सांगा.

कॉन्टेसावाला

भाऊ मी कॉन्टेसा डिझेल सात वर्षं ठेवली, इसुझूचं दोन लिटर इंजिन, त्याने मला एकदाही रस्त्यात सोडलं नाही. तरी विकली. कारण मागच्या काचेचं रबर मिळेना, डॅशबोर्ड तडकला, दरवाज्याची हँडलं तुटली आणि प्रत्येक वस्तूसाठी कुर्ल्याला चकरा, सुट्टीचा दिवस त्यातच जायचा. बायको-पोरं कंटाळली. गाडी वाईट नव्हती हो, मला वेळ नव्हता. तुमच्याकडे छाटणीच्या आणि तोडणीच्या सीझनमध्ये वेळ असतो का याचा आधी विचार करा, कारण या गाड्या पैशाआधी वेळ मागतात.

तीनशे_डी_नाशिक

दादा, माझ्याकडे याच बॉडीची ३०० डी आहे, पाच सिलेंडर, अकरा वर्षं झाली, म्हणून सविस्तर लिहितो.

इंजिनची काळजी तुम्ही सगळ्यात शेवटी करा. २४० डी मधलं इंजिन म्हणजे ओएम ६१६, आणि हेच इंजिन बजाज टेम्पोने लायसन्सवर इकडे बनवलं, ट्रॅक्समध्ये आणि ट्रॅव्हलरमध्ये टाकलं. आपल्याकडे वडाप करणाऱ्या ट्रॅक्स बघितल्यात ना, त्याच घराण्यातलं. त्यामुळे बेअरिंग, रिंगा, गॅस्केट असलं सामान बऱ्यापैकी मिळतं आणि ट्रॅक्सवर हात बसलेला मिस्त्री हे इंजिन बघून घाबरत नाही. सगळं जसंच्या तसं बसत नाही हां, जुना पार्ट हातात घेऊन, नंबर बघून, मोजूनच घ्यायचं.

पत्र्याचं मात्र कोणी लायसन्स घेतलं नव्हतं. ही बॉडी १९७६ ते १९८५-८६ अशी दहा वर्षं बनली, सत्तावीस लाखांच्या आसपास गाड्या निघाल्या, पण आपल्याकडे आल्या त्या मोजक्या. म्हणजे फेंडर, बीडिंग, काचेची रबरं हे बाहेरूनच मागवायचं नाहीतर पत्रा ठोकून बनवून घ्यायचं. म्हणून बॉडी बघा, बॉडी बघा आणि परत बॉडी बघा. बॅटरी काढून तिच्या खालचा ट्रे, चारही जॅक लावायची जागा, मागच्या काचेच्या रबराखालचा पत्रा, डिकीत स्टेपनीची खोल जागा, आणि कार्पेट उचलून पायाखालचा पत्रा. दरवाज्याच्या खालच्या कडेवर लोहचुंबक फिरवा, जिथे चिकटणार नाही तिथे लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली आहे. तुम्हाला जो रंगाचा फरक दिसला तो तिथलाच असणार.

आता व्हॅक्यूमचं ऐका, कारण हे कोणी सांगत नाही. या गाडीत इंजिन बंद करायला वीज नाही, व्हॅक्यूम म्हणजे हवेची ओढ लागते. चावी फिरवली की तो व्हॅक्यूम डिझेलच्या पंपापर्यंत जातो आणि डिझेल तोडतो. आणि सेंट्रल लॉक असेल तर तेही त्याच व्हॅक्यूमवर. माझी गाडी घेतल्याला महिनापण झाला नव्हता, रात्री साडेअकराला घरी आलो, चावी काढली, हातात घेतली आणि इंजिन चालूच. चावी माझ्या हातात आणि गाडी आपली टकटक करतेय, गल्लीतले दिवे लागायला लागले, आई गॅलरीत. मला काही सुचेना, चौथ्या गिअरला टाकून क्लच सोडून बंद केली. दुसऱ्या दिवशी कळलं की बॉनेटखाली इंजिनवर स्टॉप लिहिलेली एक छोटी पट्टी असते, ती दाबली की बंद. आणि फॉल्ट कुठे निघाला तर मागच्या डाव्या दरवाज्याच्या लॉकमधला रबरी पडदा फाटलेला! दरवाज्यातून हवा गळत होती म्हणून इंजिन बंद होत नव्हतं. म्हणून घेण्याआधी चावीने चार वेळा बंद करून बघा, लगेच बंद झाली पाहिजे. दोन-तीन सेकंद रेंगाळली तरी कुठेतरी गळती आहे असं समजा.

पैशाचं खरं सांगतो. मी सव्वादोनला घेतली आणि पहिल्या दोन वर्षांत पावणेतीन घातले, त्यातले निम्म्याहून जास्त डेंटिंग-पेंटिंग आणि रबरांवर. ब्रेकचे होज, कूलंटचे होज, टायर हे गाडी कशीही दिसली तरी पहिल्या महिन्यात बदलायचेच, वडिलांना घेऊन सप्तशृंगीचा घाट चढायचा-उतरायचा आहे तुम्हाला, तिथे चाळीस वर्षांचा ब्रेक होज चालणार नाही. आणि २४० डी ला ७२ हॉर्सपावर आहे, कसाऱ्याला एसी बंद करून दुसऱ्या-तिसऱ्यावर चढायची, मागच्यांनी हॉर्न दिला तर देऊ द्या.

सातपूर_निवृत्त

नमस्कार. मी सातपूरला मायकोत (आताची बॉश) डिझेल इंजेक्टरच्या नोझलच्या लाइनवर ३१ वर्षं होतो, आता घरीच असतो. वरच्या दादांनी बॉडीचं बरोबर सांगितलं, मी इंजिनाबद्दल थोडं बोलतो कारण लोणी आहे असं ऐकून घेतलेली पुष्कळ इंजिनं मी नंतर उघडलेली बघितलीत.

गरम डिझेल इंजिन सगळ्यांचंच गोड वाजतं. तुम्हाला चालू करून ठेवलेलं दाखवलं म्हणजे तुम्ही काहीच बघितलं नाही. पहाटे जा, आणि त्यांना आदल्या दिवसापासून हात लावू नका म्हणून सांगा. निफाडची थंडी तुम्हाला माहितीय, महाराष्ट्रात सगळ्यात कमी पारा बऱ्याचदा तुमच्याकडेच लागतो, त्याचा उपयोग करा. आधी रेडिएटरला हात लावून गार आहे का बघा. मग चावी फिरवून हीटर प्लगचा (सिलेंडर आधी तापवणारा) दिवा विझेपर्यंत थांबा आणि सेल्फ मारा. या इंजिनात डिझेल आधी छोट्या चेंबरमध्ये पेटतं, म्हणून गार असताना हीटर प्लगशिवाय ते नीट उठत नाही. जुन्या मॉडेलला हीटर सिरीजमध्ये होते, एक गेला की सगळे बंद. ८३ च्या गाडीला पॅरलल आहेत, म्हणजे एक गेला तर उठेल पण तीन सिलेंडरवर थरथरत उठेल आणि काही सेकंद पांढरा धूर देईल. तो दोष छोटा आहे. निळा धूर येत राहिला तर ऑइल जळतंय, तो छोटा नाही.

चालू असताना ऑइल भरायचं झाकण उघडून उलटं करून तिथेच ठेवा. नुसतं थरथरलं तर ठीक, उडून पडलं तर रिंगा संपल्या.

आणि एक गोष्ट, जी न बघता लोक इंजिन खोलतात. या इंजिनाला टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हचा गॅप, हाताने सेट करावे लागतात, थंड इंजिनावर इनलेट ०.१० आणि एक्झॉस्ट ०.३० मिलीमीटर. चालून चालून गॅप वाढत नाही, उलट कमी होतो, मग व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन जातं आणि सकाळी उठायला त्रास देतं. मिस्त्री म्हणतो बोर झालं, म्हणजे सिलेंडर झिजले, पन्नास-साठ हजार काढा. आणि नुसता टॅपेट सेट केला की तेच इंजिन एका सेल्फला उठतं. त्याला १४ चे वाकडे पाने लागतात, सरळ पान्याने नीट होत नाही. दर २०-२५ हजार किलोमीटरला हे करायचंच.

सहा वर्षं उभी गाडी म्हणजे टाकीतलं डिझेल आधी पूर्ण काढून टाका, टाकीतून डिझेल बाहेर पडतं तिथे जाळी असते ती गाळाने भरलेली असणार, दोन्ही फिल्टर बदला. मग चारही इंजेक्टर काढून चांगल्या पंपरूममध्ये (डिझेल पंप दुरुस्त करतात तिथे) टेस्टरवर लावा. प्रेशर साधारण ११५ ते १२५ बारला उघडलं पाहिजे, फवारा धुक्यासारखा बारीक आणि सोबत चर्र असा आवाज. टोकाला थेंब लोंबला तर नोझल बदला. मी इतकी वर्षं तो चर्र आवाज ऐकला, नोझल चांगलं की वाईट ते डोळ्याआधी कानाला कळतं. फवाऱ्यापुढे बोट मात्र कधीही नेऊ नका, कातडीच्या आत डिझेल घुसतं, बोट जाऊ शकतं, हे मनापासून सांगतोय.

पेठरोड_पासिंग

कागदांचं मी सांगतो, आरटीओची कामं करतो. गाडी बघण्याआधी आरसी बघा. १९८३ ची म्हणजे १५ वर्षं ९८ ला संपली, मग दर ५ वर्षांनी रिन्यू, २०१८ ला केली असेल तर २०२३ ला संपली आणि उभीच असल्याने बहुतेक तशीच राहिली. उशिराचे महिन्याला ५०० वेगळे लागतात, पर्यावरण कर वेगळा.

पण खरी गोष्ट पुढे आहे. आरसीवर गाडी इम्पोर्टेड म्हणून नोंद आहे का बघा. देशी कारला २० वर्षांनंतर रिन्यूअल फी १०,००० आहे, इम्पोर्टेडला ८०,०००. ऑगस्ट २०२५ मध्ये दुप्पट झाली, त्याआधी ४०,००० होती. आणि हे एकदाच नाही, दर ५ वर्षांनी. तुमच्या पाच लाखांत हे धरलंय का?

जुन्या सिरीजचा नंबर असेल तर वाहन पोर्टलवर चढलाय का तेही बघा, नसेल तर आधी बॅकलॉग एंट्री, तोपर्यंत ट्रान्सफर नाही आणि हाय सिक्युरिटी प्लेटपण नाही. मालक वारले असतील तर वारसांची सगळ्यांची सही लागते, एक भाऊ परदेशात असला तरी. चेसिस नंबर स्वतः कागद घासून ट्रेस घ्या. कोणी म्हणेल व्हिंटेजमध्ये करून देतो तर ऐकू नका, त्याला ५० वर्षं पूर्ण लागतात, म्हणजे ही २०३३ ला, आणि व्हिंटेज नंबरवर रोजचं फिरता येत नाही. दिल्लीकडच्या जुन्या डिझेल गाड्या स्वस्तात मिळतात कारण तिकडे १० वर्षांवरच्या डिझेलवर निर्बंध आले, त्या मानाने ही गाडी नाशिकचीच आहे, एनओसीची कटकट नाही, हे चांगलं आहे.

निफाडचा_द्राक्षवाला

सगळ्यांचे खूप आभार, खरंच. गुरुवारी सकाळी सव्वासहाला गेलो, वडीलपण आले हट्टाने.

बॉनेटवर दव होतं, रेडिएटर गारठलेला. पहिल्या सेल्फला उठली नाही, दुसऱ्यांदा हीटर देऊन उठली आणि दहा-बारा सेकंद हललेली अख्खी गाडी, पांढरा धूर, मग शांत. एक हीटर गेलाय असं मला आता कळतंय. झाकण उलटं ठेवलं, थरथरलं पण जागेवरच राहिलं. चावीने चारही वेळा लगेच बंद झाली.

मग बॅटरी काढली. ट्रेवर स्क्रू ड्रायव्हर नुसता टेकवला आणि मुठीपर्यंत आत गेला. ड्रायव्हरच्या पायाखालचं कार्पेट उचललं तर खालचा नमदा ओला, कुबट वास, आणि पत्र्याचे पापुद्रे हातात आले. दोन्ही डाव्या दरवाज्यांना खाली चुंबक चिकटत नाही. मागची काच आणि डिकी मात्र कोरडी आणि ठणठणीत. आरसी २०२३ ला संपलीय आणि हो, इम्पोर्टेड लिहिलंय. ते ऐंशी हजार मी धरलेच नव्हते, तुम्ही सांगितलं नसतं तर बयाणा देऊन बसलो असतो.

मी त्यांना पत्रा दाखवला, फीचा हिशोब कागदावर मांडून दिला आणि पावणेदोन सांगितले. मुलगा चांगला माणूस आहे, त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं, तो सव्वादोनवर आलाय. बहिणीची सही अमेरिकेतून आणायला तयार आहे.

वडील तेवढा वेळ मागच्या सीटवर बसून होते. इंजिन चालू असताना त्यांनी काच खाली केली आणि डोळे मिटून ऐकत बसले, मला म्हणाले शेटच्या गाडीचा आवाज याहून थोडा जड होता. म्हणजे ती पाच सिलेंडरची असणार का?

रविवारी सकाळी गाडी रॅम्पवर घेऊन जॅकच्या जागा बघायच्या आहेत, त्या सडलेल्या निघाल्या तर मी सोडणार आहे, वडिलांनाही तसं सांगितलंय. तीनशे डी दादा, तुम्ही येऊ शकाल का? आणि सातपूरचे काका, तुम्हाला घ्यायला मी गाडी पाठवतो, नाही म्हणू नका. वाकडे पाने कोणाकडे असतील तर घेऊन या.