थंड समुद्रातील जहाजयात्रा : सीमाभागातील वाचकांचे अनुभव

अलास्का, नॉर्वे, स्वालबार्ड (नॉर्वेच्या उत्तरेकडची बेटे), अंटार्क्टिका अशा थंड प्रदेशांत जहाजाने जाऊन आलेली माणसे आता बेळगाव, खानापूर, निपाणी, हुक्केरी या भागांतही भेटतात. परतल्यावर त्यांच्याकडे बहुधा जेवणाची आणि खोलीची चौकशी होते. समुद्रात नेमके काय दिसले, त्यासाठी कुठे उभे राहावे लागले आणि प्राणी त्या वेळी काय करत होता, हे विचारणारे थोडे. म्हणून हा धागा. देवमासे, सील, पेंग्विन, समुद्रपक्षी, हिमनद्या किंवा ध्रुवीय प्रकाश (रात्रीच्या आकाशात दिसणारा अरोरा) यांपैकी जे आपण स्वतः पाहिले असेल ते सविस्तर लिहावे. माझा स्वतःचा समज असा आहे की, भीमगडच्या जंगलात किंवा हिडकल जलाशयाच्या काठावर न बोलता तासभर बसण्याची ज्यांना सवय आहे, त्यांना त्या समुद्रातही इतरांपेक्षा अधिक दिसत असावे. तो बरोबर आहे का, तेही आपल्या अनुभवांतून कळावे.

टिळकवाडी, बेळगाव (निवृत्त शिक्षिका)

मुलाकडे सिअ‍ॅटलला गेलो असताना आम्ही दोघांनी जुलै महिन्यात अलास्काच्या आग्नेय किनाऱ्याची सफर केली. या मार्गावर जहाज बराच वेळ बेटे आणि मुख्य भूमी यांच्यामधून जाते, त्यामुळे पाणी बहुतेक शांत असते आणि स्प्रूस व हेमलॉक वृक्षांची गर्द वने दोन्ही बाजूंनी थेट पाण्यापर्यंत उतरलेली दिसतात.

मला विशेष लिहावयाचे आहे ते ग्लेशियर बे या राष्ट्रीय उद्यानाविषयी. तिथे एका दिवसात दोनच मोठ्या प्रवासी जहाजांना प्रवेश मिळतो. सकाळी उद्यानाचे रेंजर लहान बोटीतून येऊन जहाजावर चढतात आणि ध्वनिक्षेपकावरून माहिती देतात. 1750च्या सुमारास ही संपूर्ण खाडी बर्फाने भरलेली होती. 1794मध्ये जॉर्ज व्हँकूव्हर यांच्या मोहिमेतील लोकांना तिच्या जागी किनाऱ्यात जेमतेम एक खाच दिसली, आणि 1879मध्ये निसर्ग अभ्यासक जॉन म्यूर तिथे पोहोचले तेव्हा बर्फ 50 किलोमीटरांहून अधिक मागे हटलेले होते. मी अनेक वर्षे भूगोल शिकवला. परंतु हिमनदी मागे हटते म्हणजे काय होते, हे त्या दिवशी डेकवर उभी राहून मला प्रत्यक्ष पाहता आले. खाडीच्या मुखाशी उंच, जुने वन आहे. आत जावे तशी झाडे ठेंगणी होत जातात, मग अल्डरची झुडपे लागतात, मग शेवाळ, आणि अखेरीस नुकताच उघडा पडलेला खडक. बर्फ जिथून आधी गेले तिथे वन आधी वाढले. बहुतेक प्रवासी या काळात न्याहारीला गेलेले असतात, याचे मला वाईट वाटते, कारण हिमनदीइतकाच हा रस्ताही पाहण्यासारखा आहे.

मार्जरी हिमनदीची भिंत सुमारे दीड किलोमीटर रुंद आणि पाण्यावर सुमारे 75 मीटर उंच आहे. जहाज तिच्यासमोर थांबते आणि दोन्ही बाजूंच्या लोकांना दिसावे म्हणून सावकाश फिरते. बर्फाचा कडा आधी कोसळताना दिसतो आणि त्याचा गडगडाट काही क्षणांनी ऐकू येतो. जिथे तो पडतो तिथे किटीवेक नावाचे पांढरे समुद्रपक्षी लगेच जमतात, कारण घुसळलेल्या पाण्याबरोबर त्यांचे खाद्य वर येते. बर्फाच्या निळेपणाविषयी मला अनेकांनी विचारले म्हणून लिहिते : वर्षानुवर्षांच्या दाबाने आतील हवेचे बुडबुडे निघून गेलेले दाट बर्फ प्रकाशातील तांबडा भाग शोषून घेते आणि निळा तेवढा आपल्यापर्यंत येतो. म्हणूनच कडा नुकताच जिथे तुटलेला असतो, तिथे तो निळा सर्वांत गडद असतो. ढगाळ दिवशी हा रंग अधिक खुलतो, तेव्हा ऊन नाही म्हणून कोणी खिन्न होऊ नये.

खानापूर तालुका (जहाजावर नोकरी)

बाईंनी लिहिलेल्या मार्गावर मी काही हंगाम काम केले आहे. आमच्या भागातील मुले गोव्याला कामासाठी जातात आणि तिथून काही जण बोटीवर लागतात. मीही तसाच गेलो. माझे काम आतले असले, तरी सुट्टीचा वेळ मी कर्मचाऱ्यांच्या खालच्या डेकवर काढत असे, आणि माझ्या मते देवमासा पाहण्यासाठी ती जागा सर्वांत वरच्या डेकपेक्षा चांगली आहे. वरून समुद्र विस्तीर्ण दिसतो, पण प्राणी फार लहान दिसतो आणि वाराही अधिक लागतो. प्रवाशांना जहाजाभोवती फिरता येईल असा खालच्या बाजूचा डेक असतो, तिथे पुढच्या अंगाला, भल्या सकाळी किंवा संध्याकाळी उभे राहावे.

एका जागी टक लावून पाहू नये. क्षितिजाच्या थोडे खाली नजर सावकाश फिरवत ठेवावी आणि फवारा शोधावा. हंपबॅक देवमाशाचा फवारा गडद वनाच्या पार्श्वभूमीवर दुरूनही ओळखता येतो. तो काही वेळा वरवर श्वास घेतो. मग पाठीचा बाक उंचावतो आणि शेपटी पूर्ण वर येते, तेव्हा तो खोल गेला असे समजावे. तो पुन्हा येण्यास अनेक मिनिटे लागतात आणि नेमके त्याच वेळी लोक कंटाळून आत जातात. शेपटीच्या खालच्या बाजूची पांढरी-काळी नक्षी प्रत्येकाची वेगळी असते. तिच्या छायाचित्रांवरूनच अभ्यासक एकेक देवमासा वर्षानुवर्षे ओळखतात.

एकदा पक्ष्यांचा थवा पाण्याच्या एकाच ठिकाणी घिरट्या घालताना दिसला आणि थोड्याच वेळात तिथे अनेक देवमासे तोंड उघडून एकदम वर आले. ते खालून बुडबुड्यांचे कडे सोडतात, त्या कड्यात हेरिंग मासे कोंडले जातात आणि मग सगळे मिळून ते गिळतात. असे एकत्र येऊन शिकार करणे मी इतर कोणत्या प्राण्यात पाहिलेले नाही. यांतील बरेच देवमासे हिवाळा हवाईजवळच्या उबदार पाण्यात काढतात. तिथे ते पिलांना जन्म देतात, पण जवळजवळ काही खात नाहीत. वर्षभराची चरबी अलास्कातच साठवावी लागते, म्हणून तिथल्या नियमाप्रमाणे बोटींना त्यांच्यापासून सुमारे 90 मीटर दूर राहावे लागते. हा नियम मला अत्यंत योग्य वाटतो. आमचे जहाजही सप्टेंबरनंतर उबदार समुद्राकडे जात असे.

निपाणी (व्यापारी)

आम्ही नॉर्वेच्या किनाऱ्याने बर्गनपासून किर्केनेसपर्यंत हिवाळ्यात गेलो. 1893पासून चालू असलेली ही टपाल आणि प्रवासी वाहतुकीची वाट आहे, त्यामुळे जहाज लहान लहान बंदरांनाही थांबते. आर्क्टिक वृत्ताच्या उत्तरेला भर हिवाळ्यात सूर्य उगवत नाही, तरी दुपारी काही तास निळसर-गुलाबी उजेड असतो आणि त्या उजेडात लोफोटेन बेटांचे डोंगर व पांढऱ्या शेपटीचे समुद्रगरुड पाहता आले. ध्रुवीय प्रकाश दिसला की जहाजावर घोषणा होते. आधी तो फिकट ढगासारखा वाटतो, मग हिरवा होऊन हलू लागतो. सोबत आमच्या आईही होत्या. त्यांना लोकरीचे पातळ कपडे एकावर एक आणि सर्वांत वर वारा अडवणारे जाकीट घातले, तेव्हा बराच वेळ बाहेर उभे राहता आले.

शहापूर, बेळगाव (डॉक्टर)

भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम डिसेंबर 1981मध्ये गोव्याहून निघाली आणि जानेवारी 1982मध्ये तिथे पोहोचली. चोर्ला घाट उतरून गेलो की जे बंदर लागते तिथून ती निघाली होती, हे वाचल्यापासून त्या खंडाची ओढ होती. आम्ही अर्जेंटिनातील उशुआइयाहून निघालो. ड्रेक सामुद्रधुनी ओलांडताना समुद्र खवळलेला होता. ज्यांना बोट लागते त्यांनी औषध आधीच घ्यावे, उलट्या सुरू झाल्यावर गोळीचा उपयोग फारसा होत नाही.

किनाऱ्यावर उतरण्यापूर्वी प्रत्येकाचे कपडे, खिसे आणि पिशव्या तपासून बी-बियाणे व माती काढून टाकली जाते आणि बूट जंतुनाशकात बुडवावे लागतात. एका ठिकाणी एका वेळी 100 प्रवाशांपेक्षा अधिक उतरत नाहीत, आणि 500हून अधिक प्रवासी असलेले जहाज कोणालाच उतरवत नाही. तिकीट काढण्यापूर्वी ही संख्या अवश्य विचारावी. पेंग्विनपासून 5 मीटर अंतर राखायचे असते. बर्फात त्यांच्या ये-जा करण्याच्या वाटा पडलेल्या असतात, त्या ओलांडताना आपण थांबून त्यांना जाऊ द्यावे. जेंटू पेंग्विन गारगोट्या रचून घरटे करतात आणि शेजाऱ्याची गारगोटी संधी साधून उचलतात. आकाशातून स्कुआ पक्षी अंड्यावर टपलेला असतो, त्यामुळे जोडीपैकी एक जण घरटे सोडतच नाही. एका जागी उभे राहून हे व्यवहार पाहण्यात माझा सर्वांत चांगला वेळ गेला. धागा सुरू करणाऱ्यांचा समज माझ्यापुरता तरी खरा ठरला.

हुक्केरी (पक्षिनिरीक्षक)

मी स्वालबार्डला गेलो ते पक्ष्यांसाठी. आल्केफ्येलेट येथे कड्याच्या खाचाखाचांत हजारो गिलेमॉट (एक समुद्रपक्षी) दाटीवाटीने अंडी उबवत होते आणि पिलू चुकून खाली पडले तर ते खाण्यासाठी ध्रुवीय कोल्हे पायथ्याशी फिरत होते. हिमअस्वल दुर्बिणीतून एक पिवळसर ठिपका एवढेच दिसले, आणि त्यात मी समाधानी आहे. 2025पासून तिथे अस्वलापासून किमान 300 मीटर आणि मार्च ते जून 500 मीटर अंतर ठेवणे बंधनकारक आहे. आपल्या जलाशयांच्या काठी हिवाळ्यात येणारे लिटल स्टिंट हे लहानसे पाणपक्षी आर्क्टिक तुंड्रातच वीण करतात. तशा उघड्या, ओल्या जमिनीवर चालल्यानंतर ते एवढा प्रवास का करतात ते मला अधिक चांगले समजले : तिथल्या उन्हाळ्यात चोवीस तास उजेड आणि कीटकांची रेलचेल असते.

चिकोडी (प्रश्न)

आम्ही सासूबाईंना घेऊन अलास्काला जाण्याचा विचार करत आहोत. मे चांगला की जुलै? त्यांना देवमासे पाहावयाचे आहेत.

खानापूर तालुका (उत्तर)

वहिनी, मे महिन्यात तिथे पाऊस तुलनेने कमी असतो आणि डोंगरांवर बर्फ भरपूर असते, पण सर्व देवमासे तोवर पोहोचलेले नसतात. देवमासे हाच मुख्य हेतू असेल तर जुलै निवडावा. नद्यांत चढणारे साल्मन आणि त्यांच्यामागे येणारी अस्वले पाहावयाची असतील तर ऑगस्ट योग्य, मात्र तेव्हा रेनकोट चांगला हवा. सासूबाईंसाठी खोली जहाजाच्या मधल्या भागात, खालच्या मजल्यावर घ्यावी. तिथे हेलकावे कमी जाणवतात.