मदत हवी आहे : पोलीस हवालदार भावासाठी नागपुरात समुपदेशक

माझे थोरले बंधू येथे पोलीस हवालदार असून, वर्षानुवर्षे अपघातांचे पंचनामे केल्यानंतर आता त्यांची झोप उडाली आहे आणि फोन वाजला तरी ते दचकतात. उपचार घेतल्यास खात्यात कळेल, ही त्यांची भीती आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम २३ नुसार माहिती गोपनीय ठेवावी लागते, हे सांगूनही ती गेलेली नाही. (वहिनींची भिस्त ताजबागेवर, म्हणजे ताजुद्दीन बाबांच्या दर्ग्यावर आहे, माझा विरोध नाही, पण तेवढ्याने भागणार नाही.) टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर मराठीत बोलता येते, तरी त्यांना समोर बसून ऐकणारे कोणी हवे आहे. मेडिकलमध्ये (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात), प्रादेशिक मनोरुग्णालयात किंवा खासगीत, पोलिसांच्या कामाची जाण असलेले आणि बंदोबस्त सांभाळून वेळ देणारे समुपदेशक कोणास माहीत असल्यास कृपया कळवावे. केसपेपरवर व्यवसाय लिहावाच लागतो काय?