'बोट लागली' : धक्क्याला की माणसाला?

परवा स्वारगेटला महाडची एसटी फलाटावर 'लागली', आणि रांगेत पुढे असलेल्या बाई लेकीला म्हणाल्या, "आत्ता काही खाऊ नकोस, घाटात गाडी लागेल तुला." मिनिटाभरात एकच शब्दप्रयोग दोन अर्थांनी कानावर पडला. हे दोन 'लागणे' एकच का? आणि मूळचे गाडीचे की बोटीचे?

—

माझं आजोळ रत्नागिरीचं. आम्ही पुण्यात वाढलो तरी घरात 'गाडी लागते'च्या आधी 'बोट लागते' ऐकलं, त्यामुळे हा विषय जिव्हाळ्याचा आहे.

माझ्या मते हे दोन वेगळे 'लागणे' आहेत. 'बोट बंदराला लागली' यात बोट तडीला येते, पोचते. टेकलीच पाहिजे असं नाही. कोकणातल्या कित्येक बंदरांत आगबोट, म्हणजे वाफेवर चालणारी बोट, खोल पाण्यात नांगर टाकून उभी राहायची आणि माणसांची पडावातून, लहान होडीतून, ने-आण व्हायची. तरी किनाऱ्यावर 'बोट लागली' असंच म्हणत.

'मला बोट लागते' मात्र 'ऊन लागणे', 'सुपारी लागणे' यांच्या घरातलं. कच्ची सुपारी लागली की घाम फुटतो, डोकं गरगरतं. बोटीतही तेच होतं. इथे लागणे म्हणजे बाधणे, आणि ज्याला बाधलं त्याला 'ला' प्रत्यय.

आता ही बोट कुठली? शिडाची होती तेव्हा मचवा, पडाव, गलबत अशी नावं होती. नुसतं 'बोट' म्हटलं की कोकणी माणसाला आगबोटच कळायची. 'आगगाडी'सारखाच हा सुरेख शब्द, आपण उगाच टाकून दिला. मुंबईच्या गोदीत बांधलेली 'ह्यू लिंडसे' ही आगबोट २० मार्च १८३० रोजी मुंबईहून सुटली आणि ३२ दिवसांत सुएझला पोचली. तिच्या दोन्ही अंगांना मोठी चाकं होती, त्यांच्या फळ्या पाणी मागे लोटत. कोळसा इतका लागे की वाटेतल्या एडन बंदरापर्यंत पुरेल अशा बेताने मिळेल त्या जागेत तो भरावा लागला.

या चाकांचा एक दोष होता. लाटेवर बोट कलली की एक चाक पाण्याबाहेर निघे, दुसरं खोल बुडे, आणि बोट तिरकी ओढली जाई. शिवाय कोळसा संपत आला की बोट वर उचलली जाऊन फळ्या नीट बुडत नसत. म्हणून पुढे खोल समुद्रात चाकांऐवजी बोटीच्या मागे पाण्याखाली फिरणारा पंखा आला. प्रवाशांना पंख्याच्या बोटीही लागतच.

—

त्या चाकांच्या बोटीला मराठीत काय म्हणावं? 'वल्हेचक्र नौका' वाचवत नाही.

—

'चाकाची आगबोट' म्हणा, ऐकताच डोळ्यापुढे येते. आणखी एक : 'बोट लागली' म्हणजे ती बोट, 'बोट लागलं' म्हणजे ते, हाताचं. परभाषकाला शिकवताना आधी लिंग सांगावं, मग 'लागणे'. माझ्या कानडी शेजाऱ्यांना 'सुपारी लागणे'च्या उदाहरणावरून 'गाडी लागणे' लगेच उमगलं.

—

पटलं. स्वारगेटच्या त्या बाईंचं 'लागेल' सुपारीचं, आणि फलाटावरचं 'लागली' बंदराचं. आमच्या आजीला विचारलं, तर ती पावसाळा संपून बोटी सुरू झाल्या की 'बोट लागली' असंही म्हणायची, म्हणजे चालू झाली. हा तिसरा अर्थ रायगड, सिंधुदुर्गाकडे कुणी ऐकलाय का?