डोमेन कुणाच्या नावावर आहे, कसं बघायचं?

फौंड्रीवाला_शिरोली:
मंडळी, शिरोली एमआयडीसीत आमची छोटी फौंड्री. वडील बघत होते तेव्हा राजारामपुरीतल्या एका पोरानं वेबसाइट करून दिली, डॉट कॉम. दरवर्षी रोख घेऊन जायचा, पावती-बिवती काही नाही. आता पुण्याला गेलाय. फोन लागला तर "बघतो की दादा" म्हणतो, झालं. साइटचं एवढं काही नाही, तिथं अजून जुन्या भट्टीचा फोटो आहे. पण गिऱ्हाइकांची ड्रॉइंग, पीओ सगळं त्याच नावाच्या मेलवर येतं. हूइजवर, म्हणजे डोमेन कुणाचं ते दाखवणाऱ्या नोंदीत, बघितलं तर मालकाच्या रकान्यात 'रिडॅक्टेड फॉर प्रायव्हसी'. सातबारा कुणाचाही घरबसल्या दिसतोय, मग हे का झाकलंय? मालक मी का तो?

रंकाळा_वायफाय:
भावा, पूर्वी नाव, पत्ता, फोन सगळं उघडं असायचं. मे 2018 मध्ये युरोपात जीडीपीआर, म्हणजे खासगी माहिती जपायचा कायदा, लागू झाला, तेव्हापासून झाकायला लागले. जाहिरातवाल्या साइटी सोड, लुकअप डॉट आयकॅन डॉट ओआरजीवर बघ. जानेवारी 2025 पासून डॉट कॉमला हूइजच्या जागी आरडॅप ही नवी पद्धत आलीय, आपल्याला काय, नाव टाकायचं आणि बघायचं. रजिस्ट्रार (डोमेन नोंदवून देणारी कंपनी), एक्स्पायरी, स्टेटस दिसतंय. बऱ्याचदा राज्य आणि देशही.

फौंड्रीवाला_शिरोली:
रजिस्ट्रार परदेशी. राज्य महाराष्ट्र, देश आयएन. एक्स्पायरी पुढच्याच महिन्यात! स्टेटस 'क्लायंट ट्रान्सफर प्रोहिबिटेड', ते वाचून पोटात गोळा आला.

जुना_सर्व्हरवाला:
ते नुसतं कुलूप आहे, कुणी परस्पर हलवू नये म्हणून. 'क्लायंट होल्ड' असतं तर साइट आणि मेल दोन्ही बंद पडलं असतं. महाराष्ट्र दिसतंय म्हणजे मध्ये परदेशी प्रायव्हसी कंपनी घातलेली नसावी. तुम्ही नाहीतर तो. वडिलांचे जुने मेल चाळा. नोंदलेली माहिती बरोबर आहे का, असा मेल रजिस्ट्रारला वर्षातून एकदा मालकाला पाठवावाच लागतो. मुदत संपायच्या आधीही रिमाइंडर येतात.

रंकाळा_वायफाय:
नाहीतर संपू दे आणि नवीन घे की.

जुना_सर्व्हरवाला:
अजिबात नको. मुदत संपली की मेल बंद पडणार. नाव लगेच मोकळं होत नाही, डिलीट झाल्यावरही 30 दिवस जुन्या मालकालाच जादा पैसे भरून सोडवता येतं. मग 5 दिवस लटकतं, आणि मोकळं व्हायची वाट बघत टपलेले असतातच. यूडीआरपीच्या, म्हणजे डोमेनच्या वादाच्या तक्रारीच्या, नादालाही लागू नका, ते ट्रेडमार्क बळकावणाऱ्यांसाठी.

फौंड्रीवाला_शिरोली:
वडिलांच्या मेलवर, स्पॅममध्ये सापडला तो मेल! रजिस्ट्रंट, म्हणजे मालक, म्हणून आमच्या फौंड्रीचंच नाव. पण पासवर्ड रिसेटची लिंक काही येत नाही.

जुना_सर्व्हरवाला:
म्हणजे नाव तुमचं, खातं त्याच्या मेलवर. आता तो मेल, जीएसटी सर्टिफिकेट आणि वडिलांची सही जोडून रजिस्ट्रारच्या सपोर्टला आजच लिहा. आणि त्या पोराला तोवर तोडून बोलू नका, रिन्यूचं बटण अजून त्याच्याच हातात आहे.