मदत हवी: वाकळ शिवताना मशीन टाके सोडतंय, रविवारी वाटायच्या आहेत

रंकाळाकाठ
अर्जंट आहे म्हणून डायरेक्ट लिहिते. आम्ही मैत्रिणी मिळून ऊसतोड टोळ्यांच्या लहान मुलांसाठी वाकळा, म्हणजे गोधड्या, शिवतोय, दुपारी सगळ्या माझ्याकडं जमतात, रविवारी टोळ्यांच्या तळावर न्यायचं मुकादमाशी बोलून ठरलंय आणि आता मशीन टाकेच सोडतंय, मधेच दोरा तुटतो, खाली गुंता होतो. तेल घालून झालं. ती पोरं पहाटे आईबरोबर फडात जातात, उसाच्या पाचटावर झोपतात, थंडी पडायला लागलीय. प्लीज लवकर सांगा.

मशीनवाला_दादा
मशीन कसलं? पायाचं का मोटरचं? सुई किती नंबरची? थर किती, मधे काय घातलंय? हे कळल्याशिवाय काय सांगणार.

आक्का_मंगळवारपेठ
मशीन कशाला लागतंय वाकळंला? आमच्या गल्लीत आम्ही चौघी चार बाजूला बसतो, कडंनं धावदोरा घालत घालत मधे येतो. मी अजून हातानंच शिवतो. हाताची वाकळ मऊ राहते, मशीनची पुठ्ठ्यासारखी होते.

करसल्लागार_कोप
ताई, ग्रुपची नोंदणी केलीय का? ट्रस्ट केला आणि ८०जी मिळवलं तर देणगीदारांना करात सवलत मिळू शकते. कागदपत्रं काय लागतात ते सांगू शकतो.

रंकाळाकाठ
८०जी नकोय हो, आम्ही कुणाकडून पैसे घेतच नाही. आक्का, हातानं रविवारपर्यंत कसं व्हायचं? दादा, मशीन पायाचं आहे, आईचं. सुई आहे तीच, ब्लाऊज शिवतो ती. वर साडी, खाली साडी, मधे जुन्या जीन्स.

मशीनवाला_दादा
जीन्स आहे हे आधी सांगायचं की! ब्लाऊजची सुई १४ नाहीतर त्याहून बारीक असणार, ती एवढ्या जाडीत वाकते आणि टाका सुटतो. १८ नंबर आणा, दुकानात घरच्या मशीनची चपट्या दांडीची म्हणून मागा, गोल दांडीची मोठ्या मशीनला असते. चपटी बाजू शटलकडं, म्हणजे बॉबिन बसते तिकडं करून दांडी पार वरपर्यंत ढकला मग स्क्रू आवळा. खाली गुंता होतो तेव्हा सगळे बॉबिनच्या मागं लागतात, पण बहुतेक वेळा वरचा दोरा ताणून धरणाऱ्या टेन्शनच्या चकत्यांत बसलेला नसतो. प्रेसर फूट वर करून दोरा परत पहिल्यापासून ओवा. टाका मोठा ठेवा. जीन्सच्या शिवणी कापून काढा, त्यावरनं कुठलीच सुई नीट जात नाही. आणि शिवायला मधून सुरू करून कडेकडे जा, नाहीतर खालचं कापड प्रेसर फूटखालचे दाते ओढतात, वरचं मागं राहतं आणि मधे झोळ येतो.

आक्का_मंगळवारपेठ
मधनं कुणी वाकळ शिवतं होय? कडा आधी बसवायच्या असतात.

मशीनवाला_दादा
हातानं शिवताना बरोबर आहे आक्का, हाताला दाते नसतात. मशीनवर आधी कच्चा टाका घालून मगच मधून.

साखरशाळा_शिक्षक
मी तळावरच्या पोरांना शिकवतो म्हणून कळकळीनं लिहितोय, जीन्स घालूच नका. जीन्स भिजली की दोन दोन दिवस वाळत नाही. तान्हं पोर रात्रीत ओलं करणार, आई पहाटे कोयता घेऊन फडात, धुवायला पाणी लांबनं आणायचं. मग ती वाकळ ओलीच पोराच्या अंगाखाली येते. त्यापेक्षा मऊ झालेल्या सुती साड्या घ्या. साडेपाच मीटरची साडी लांबीत चार घडी केली की साधारण साडेचार फूट बाय पावणेचार फूट होते, चार थर, एका पोराला पुरतं. नऊवारी असली तर सहा थर निघतात. सिंथेटिक साडी मात्र एकसुद्धा नको. कोपीत, म्हणजे त्यांच्या झोपडीत, चूल अगदी जवळ असते, ठिणगी पडली की सुती जळतं पण सिंथेटिक वितळून कातडीला चिकटतं.

शाहूपुरी_७२
एवढी खटपट करण्यापेक्षा सोलापुरी चादरी विकत घेऊन द्या, एका दिवसात काम होईल.

साखरशाळा_शिक्षक
चादर चांगलीच आहे, मोठ्यांना द्या. पण तान्ह्याच्या खाली अंथरायला ती पातळ पडते, जमिनीची ओल वर येते.

इचलकरंजीकर
सुती कापड कमी पडलं तर आमच्याकडं लूमचं कोरं कापड मिळतं, कोल्हापूरजवळच्या गांधीनगरला पण होलसेलमधे मिळेल. फक्त कोरं कापड आधी भिजवून वाळवून घ्या. जुनी साडी आटून बसलेली असते, नवीन कापड पहिल्या धुण्यात आटतं, मग अख्खी वाकळ चुरगळते.

पंचगंगाकाठी
लोकांकडून साड्या मागताना स्पष्ट सांगा, धुतलेली, सुती, न फाटलेली. २०१९ च्या महापुरात मी मदत केंद्रावर होतो, जुन्या कपड्यांचे ढीग आले होते आणि त्यातलं कितीतरी कुणी अंगाला लावणार नाही असं. निवडण्यातच माणसं अडकली.

शाहूपुरी_७२
लोक चांगल्या मनानंच देतात हो, कशाला नावं ठेवायची.

पंचगंगाकाठी
नावं नाही ठेवत. पूरग्रस्त माणूस पण माणूसच आहे, फाटकं त्याला का द्यायचं?

रंकाळाकाठ
दादा, १८ नंबरची सुई घातली, दोरा परत ओवला, मशीन एकदम सरळ चालतंय! सर, जीन्सच्या झाल्यात त्या आम्ही उसवतोय, सुती थर घालून परत शिवतो. मैत्रिणी घरोघरी सुती साड्या गोळा करायला गेल्यात. रविवारी सगळ्या झाल्या नाहीत तर मुकादमाला सांगून तान्ह्यांच्या आधी नेतो, मोठ्या पोरांच्या पुढच्या रविवारी.

आक्का_मंगळवारपेठ
कडा हातानं घालायला आम्ही चौघी येतो. माझ्याकडं आईच्या दोन नऊवारी आहेत, त्या पण घेऊन येतो.

वर्षा_को
माझ्या मशीनचा पट्टा सारखा सुटतोय, काय करू?

मशीनवाला_दादा
कातडी पट्टा असेल तर सैल झालाय. थोडा कापून पिन परत मारा.