गिरणगावच्या भिंती आणि हातावरचे गोंदण

भिंती रंगवणे आणि अंगावर गोंदवून घेणे ही हल्लीची हौस आहे, असे काही जण म्हणतात; ते मत मला पटत नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतल्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, त्याच्या कितीतरी आधीपासून गिरणगावच्या, म्हणजे लालबाग-परळसारख्या गिरण्यांच्या वस्तीतल्या, भिंती सभा, मोर्चे आणि निवडणुकांच्या घोषणांनी भरलेल्या असत. त्याच चाळींतल्या घाटावरच्या आणि कोकणातल्या म्हाताऱ्यांच्या हातावर तुळस गोंदलेली दिसे, कारण मेल्यावर दागिने इथेच राहतात, गोंदण तेवढे सोबत येते, अशी समजूत होती. मुंबईतल्या ससून डॉक या मासळी बंदरावर २०१७ साली भिंतींवर रंगवलेली चित्रे मलाही आवडली (वासासकट!); मात्र ती काढणारे बरेचसे चित्रकार बाहेरून आलेले होते, तर गिरणगावात भिंत रंगवणारा हात बहुधा त्याच वस्तीतला असे, आणि हा फरक मला चित्राच्या दर्जाहून महत्त्वाचा वाटतो.