घुमटाला सिमेंट नको
लाकडावरच्या घरगुती भट्टीच्या घुमटाचे सांधे सिमेंटने भरावेत का, या प्रश्नाला माझे उत्तर नकारार्थी आहे. सुमारे ४५० अंश सेल्सिअसला साधे सिमेंट भुसभुशीत होऊ लागते, म्हणून चिकणमाती आणि वाळू यांचा पातळ थरच बरा. महागड्या अग्निरोधक विटा फक्त तळाला वापरून घुमट साध्या पक्क्या विटांचा रचता येतो, मात्र तळाखाली भाताच्या तुसाच्या राखेचा चार बोटे थर हवाच, नाहीतर बरीच आच ओट्यातच मुरते. घुमट आतून ४० सेंटिमीटर उंच असेल, तर तोंड २५ सेंटिमीटर उंच ठेवावे. आमच्या परसातल्या भट्टीत मी उतावीळपणे बांधल्यावर दुसऱ्याच दिवशी मोठा जाळ केला आणि मागच्या बाजूला बोट जाईल एवढी भेग पडली. आठवडाभर काटक्यांचा मंद विस्तवच ठेवायला हवा होता. बाजूच्या ओट्याला मात्र सिमेंट खुशाल वापरावे.